कप किती?

फुटबॉलवरचा कुठलाही वाद आमच्या होस्टेलमध्ये पाच मिनिटांत एकाच प्रश्नावर येऊन अडतो. "ते सगळं ठीक आहे गं, पण कप किती?" हा प्रश्न विचारला की विचारणारी जिंकली. मग समोरचीने जीव तोडून पास सांगावेत, ड्रिबल सांगावेत, हातवारे करून दाखवावेत, काही उपयोग नाही. बोर्डावर मार्क लागले, विषय संपला. गेल्या सेममध्ये या प्रश्नाने मला तीनदा गप्प बसवलं. म्हणून मासिकाच्या मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा ठरवलं की उत्तर लिहूनच द्यायचं. बोलताना कोणीतरी मध्येच तोंड घालतं, लेखात ती सोय नाही.

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी घरात बोलले, शाळेत फक्त आठवड्यातून चार तास. तेव्हा मधूनमधून इंग्रजी शब्द डोकावले तर मराठी विभागाच्या सरांनी लाल पेन जरा आवरावं ही नम्र विनंती.)

तर माझं उत्तर म्हणजे एक माणूस आहे. मुस्तफा हाजी. मोरोक्कोचा मिडफिल्डर, जन्म १९७१ चा, आता निवृत्त. आपल्या कॉलेजात दहा जणांना हे नाव विचारलं तर नऊ जण "कोण?" म्हणतील आणि दहावा शहाणा "तो रोमानियाचा ना?" असं विचारेल. रोमानियाचा तो घेओर्गे हाजी, तोही मिडफिल्डरच आणि १९९८ च्या वर्ल्ड कपमध्ये दोघंही होते. नाव सारखं असल्यामुळे आमच्या हाजीची निम्मी प्रसिद्धी तिथेच गेली असावी असा मला दाट संशय आहे.

आता कपांची यादी. वर्ल्ड कप नाही. आफ्रिकेचा कप नाही. फ्रान्स, पोर्तुगाल, स्पेन, इंग्लंड एवढ्या देशांत खेळला, पण एकाही ठिकाणी लीगचं विजेतेपद नाही. (२००१ साली तो ॲस्टन व्हिलात गेला त्याच उन्हाळ्यात त्या क्लबने इंटरटोटो कप जिंकला. पण तो कप इंग्लंडमध्येसुद्धा कोणी मोजत नाही, मी कशाला मोजू?) म्हणजे आपल्या होस्टेलच्या नियमाप्रमाणे हा माणूस नापास. पण १९९८ साली अख्ख्या आफ्रिकेत सर्वोत्तम फुटबॉलपटू कोण, याचं उत्तर आफ्रिकन फुटबॉल महासंघाने अधिकृतपणे "मुस्तफा हाजी" असं दिलेलं आहे. एकाच माणसाबद्दल ही दोन उत्तरं कशी येतात, हे मला जरा सविस्तर सांगायचं आहे.

हाजीचा जन्म मोरोक्कोच्या दक्षिणेला, अँटी-अ‍ॅटलास डोंगरांमधल्या इफ्रान नावाच्या छोट्या गावातला. नकाशात शोधायला जाल तर आधी दुसरंच इफ्रान सापडेल, उत्तरेकडचं, जिथे बर्फ पडतो आणि लोक स्कीइंग करतात. ते नव्हे. हे कोरडं, उन्हातलं, डोंगरातलं. लहानपणीच तो कुटुंबाबरोबर फ्रान्सला गेला आणि ईशान्येकडच्या लॉरेन भागात वाढला. लॉरेन म्हणजे कोळसा आणि लोखंड. तिथल्या खाणींत साठ-सत्तरच्या दशकांत मोरोक्कोतून मजूर आणले गेले. फ्रान्समधली अगदी शेवटची कोळशाची खाण २००४ साली बंद झाली, तीही याच भागातली. या मुलखात नान्सी नावाचं शहर आहे आणि तिथला क्लब म्हणजे मिशेल प्लातिनी जिथून निघाला तो. हाजीही तिथेच घडला, १९९१ पासून पाच वर्षं तिथे खेळला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हाजी आणि झिनेदिन झिदान जवळपास एकाच वयाचे, सात महिन्यांचा फरक. झिदान मार्सेलमध्ये जन्मला, आईवडील अल्जेरियाचे. हाजी मोरोक्कोत जन्मला, वाढला फ्रान्समध्ये. दोघंही मिडफिल्डर, दोघंही फ्रेंच मैदानांवर शिकलेले. एक फ्रान्सकडून खेळला, दुसरा मोरोक्कोकडून. १९९८ च्या १२ जुलैला एकाने फायनलमध्ये ब्राझीलविरुद्ध दोन हेडर मारले आणि कप उचलला. दुसरा तोपर्यंत स्पर्धेतून बाहेर पडून तीन आठवडे होत आले होते. कप मोजणाऱ्यांना मला विचारायचं आहे की या फरकातला पायाचा वाटा किती आणि पासपोर्टचा किती? झिदान मोठा खेळाडू होता यात वादच नाही, हाजी त्याच्या तोडीचा होता असंही मी म्हणणार नाही. पण हाजीने मोरोक्कोचा शर्ट घातला त्याच दिवशी त्याच्या कपाची शक्यता कितीतरी पटींनी कमी झाली, हे तर साधं गणित आहे. त्याने तो तरीही घातला.

आणि घालून काय केलं ते आता सांगते.

फेब्रुवारी १९९८. आफ्रिकेचा कप बुर्किना फासो या देशात होता. मोरोक्को विरुद्ध इजिप्त, गोलशून्य बरोबरी, सामना संपत आलेला. बॉल हवेत आला, हाजीची पाठ गोलकडे. तो तसाच मागे झेपावला, हवेत आडवा झाला आणि डोक्यावरून पाय फिरवून बॉल जाळ्यात घातला. बायसिकल किक म्हणतात ती. १-० असा निकाल. गंमत बघा. इजिप्त त्या स्पर्धेत हा एकच सामना हरलं आणि शेवटी कप घेऊन घरी गेलं. मोरोक्को मात्र क्वार्टर फायनलला दक्षिण आफ्रिकेकडून २-१ हरलं. त्या दक्षिण आफ्रिकेला फायनलमध्ये कोणी हरवलं? इजिप्तने. म्हणजे चॅम्पियनला हरवणारा एकमेव संघ हाजीचा आणि कपाटात मात्र शून्य.

मग जून आला. वर्ल्ड कप फ्रान्समध्ये. हा वर्ल्ड कप आपल्याकडे व्हावा म्हणून मोरोक्कोनेही अर्ज केला होता, १९९२ च्या मतदानात फ्रान्सला १२ आणि मोरोक्कोला ७ मतं पडली. आता त्याच फ्रान्समध्ये पाहुणे म्हणून जायचं होतं. चार वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या वर्ल्ड कपमध्ये मोरोक्को तिन्ही सामने हरलं होतं, प्रत्येक सामना फक्त एका गोलने. हाजी त्या संघातही होता.

या वेळच्या गटात ब्राझील, नॉर्वे आणि स्कॉटलंड. पहिला सामना १० जूनला माँपेलिएमध्ये नॉर्वेशी. अडतिसाव्या मिनिटाला डाव्या बाजूने हाजीकडे बॉल आला, समोरच्या उंचपुऱ्या डिफेंडरला त्याने अशी हुलकावणी दिली की मला तर त्या डिफेंडरची दया आली, आणि बॉल जाळ्यात. १-०. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, हे सगळं मी नंतर बघितलं, पण हा गोल किमान पन्नास वेळा बघितला असेल. त्या वर्ल्ड कपमधल्या माझ्या आवडत्या गोलांत तो पहिल्या तीनांत आहे.

पण हाफ टाइमच्या शिट्टीच्या अगदी तोंडावर नॉर्वेची फ्री किक आली आणि मोरोक्कोच्याच यूसेफ शिप्पोच्या डोक्याला लागून बॉल स्वतःच्या जाळ्यात गेला. १-१. दुसऱ्या हाफमध्ये अब्देलजलील हद्दाने पुन्हा पुढे नेलं, २-१, आणि जल्लोष संपतो न संपतो तोच, जेमतेम एका मिनिटात, नॉर्वेचा डॅन एग्गेन २-२ करून मोकळा. हा एक मिनिट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

ब्राझीलने मोरोक्कोला ३-० हरवलं. त्यावर फार बोलायला नको, त्या ब्राझीलमध्ये रोनाल्डो, रिव्हाल्डो आणि बेबेटो होते आणि तिघांनीही एकेक गोल मारला. नॉर्वे आणि स्कॉटलंडची बरोबरी झाली. म्हणजे दोन सामन्यांनंतर ब्राझील ६, नॉर्वे २, स्कॉटलंड १, मोरोक्को १. ब्राझीलचा पहिला नंबर पक्का. उरलेल्या एका जागेसाठी तिघं.

२३ जूनची रात्र. दोन सामने एकाच वेळी सुरू. सेंट-एतियनला मोरोक्को विरुद्ध स्कॉटलंड, मार्सेलला ब्राझील विरुद्ध नॉर्वे. शेवटचे सामने एकाच वेळी का, त्याचीही गोष्ट आहे आणि ती मोरोक्कोच्या शेजाऱ्याची आहे. १९८२ ला अल्जेरियाने पश्चिम जर्मनीला हरवून जगाला धक्का दिला होता. मग अल्जेरियाचे सगळे सामने झाल्यावर दुसऱ्या दिवशी जर्मनी आणि ऑस्ट्रिया खेळले. जर्मनी एका गोलने जिंकली की दोघंही पुढे, अल्जेरिया बाहेर, असा हिशोब होता. दहाव्या मिनिटाला तो एक गोल झाला आणि उरलेली ऐंशी मिनिटं दोन्ही संघ जवळजवळ फिरायला आल्यासारखे चालत राहिले. तेव्हापासून नियम झाला की गटातले शेवटचे सामने एकाच वेळी घ्यायचे. म्हणजे एकाचा पेपर बघून दुसऱ्याने कॉपी करायची नाही.

नियम चांगला आहे. पण त्यामुळे काय होतं, तर तुमचं नशीब दुसऱ्या गावातल्या हॉलमध्ये तपासलं जात असतं आणि तुम्ही तुमच्या बाकावर बसून लिहीत असता.

मोरोक्कोने काय लिहिलं? सलाहेद्दीन बस्सीरने बाविसाव्या मिनिटाला पहिला. हाफ टाइमनंतर लगेच हद्दाने दुसरा. स्कॉटलंडचा एक खेळाडू रेड कार्डने बाहेर. आणि मार्सेलहून बातमी आली की अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला बेबेटोने गोल मारला. ब्राझील पुढे. मोरोक्को ४ गुणांवर जाणार, नॉर्वे २ वरच राहणार. एवढंच नाही, नॉर्वेने बरोबरी केली तरी त्यांचे ३ होतात. नॉर्वेला वाचायचं असेल तर उरलेल्या बारा मिनिटांत ब्राझीलला हरवायलाच हवं होतं. तुम्हीच सांगा, कोण पैज लावेल?

त्र्याऐंशीव्या मिनिटाला टोरे आंद्रे फ्लोने १-१ केलं. ठीक आहे, तरीही मोरोक्कोच पुढे. पंच्याऐंशीव्या मिनिटाला सेंट-एतियनला बस्सीरने तिसरा मारला, ३-०, दोन शहरांत मिळून आता फक्त पाच मिनिटं उरलेली. आणि मग मार्सेलला फ्लो ब्राझीलच्या पेनल्टी बॉक्समध्ये पडला. पंचाने शिट्टी मारली, पेनल्टी. चेटिल रेकडालने शांतपणे मारली. नॉर्वे २, ब्राझील १. नॉर्वेचे ५ गुण झाले आणि ३-० ने सामना जिंकलेला मोरोक्को ४ गुण घेऊन बाहेर. मैदानावर जिंकलेला संघ रडतोय आणि हरलेले स्कॉटिश त्यांच्याकडे बघतायत, असं दृश्य मी दुसरं बघितलेलं नाही.

आता या लेखातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग.

ती पेनल्टी खोटी होती असं त्या रात्री सगळ्या जगाने ठरवून टाकलं. टीव्हीवर जे दिसलं त्यात ब्राझीलचा ज्युनियर बायानो काही करताना दिसतच नव्हता, फ्लो नुसता पडताना दिसत होता. पंच होता अमेरिकेचा एस्फंदियार बहारमस्त, मूळचा इराणी. पेपरांनी त्याची सालं काढली. मोरोक्कोत तर विचारूच नका. ब्राझील मुद्दाम हरलं इथपासून गोऱ्या देशाला पुढे पाठवायचंच होतं इथपर्यंत सगळं बोललं गेलं. आणि मग काहीच दिवसांत स्वीडिश टीव्हीच्या कॅमेऱ्याने दुसऱ्या कोनातून टिपलेलं चित्रण पुढे आलं. त्यात बायानोने फ्लोचा शर्ट मागून धरून ओढलेला स्वच्छ दिसत होता. पंच बरोबर होता! अख्ख्या स्टेडियममध्ये तो योग्य जागी उभा होता, त्याने बघितलं आणि त्याने नियमाप्रमाणे शिट्टी मारली.

हे वाचलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता की सत्य बाहेर आलं. उलट वाईट वाटलं. कारण चोरी झाली असती तर निदान चोराला शिव्या तरी देता आल्या असत्या.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे. गेल्या वर्षी कॅम्पसला आलेल्या एका कंपनीच्या कटऑफला ती एका विषयातल्या दोन मार्कांमुळे बसू शकली नाही. दोन महिने आम्ही सगळ्याजणी पेपर तपासणाऱ्याच्या नावाने खडे फोडत होतो. मेसमध्ये रोज तोच विषय. तिने उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली, रिव्हॅल्युएशनला टाकलं. फोटोकॉपी आली. आम्ही चौघींनी मिळून लावून बघितली. सगळे मार्क बरोबर होते, बेरीजसुद्धा. त्या रात्री ती जेवायला आली नाही. त्याआधीचे दोन महिने ती रोज येत होती, चिडून का होईना. कोणीच दोषी नसलेलं दुःख जास्त जड असतं हे मी तेव्हा बघितलं. आणि सांगते, ती आमच्या बॅचमधली सगळ्यात हुशार मुलगी आहे. हे वाक्यही तितकंच खरं आहे आणि त्या दोन मार्कांनी ते खोटं ठरत नाही.

मोरोक्कोचंही तसंच. दोष शोधायचाच असेल तर मार्सेलला जायचं कारण नाही, माँपेलिएला जा. पहिल्या सामन्यात दोनदा पुढे असून दोनदा आघाडी घालवली, त्यातली दुसरी तर एका मिनिटात. तिथे जिंकले असते तर रेकडालच्या पेनल्टीला कोणी विचारलं नसतं. हा हिशोब मला मान्य आहे. पण यावरून कोणी "म्हणजे त्यांची लायकीच नव्हती" म्हणणार असेल तर ते मात्र मला मुळीच मान्य नाही. पुढे जाणं न जाणं आणि चांगलं खेळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची मार्कशीट एकच छापली जाते म्हणून गोंधळ होतो.

आफ्रिकेतल्या फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी तरी हा गोंधळ केला नाही. त्या वर्षी आफ्रिकेचा कप इजिप्तने जिंकलेला, वर्ल्ड कपमध्ये गट पार करणारा आफ्रिकेचा एकमेव देश नायजेरिया. तरीही वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडलं हाजीला. महासंघ स्वतः हा पुरस्कार देऊ लागल्यापासून तो मिळवणारा हाजी हा पहिलाच मोरोक्कन. दुसरा मोरोक्कन यायला थेट २०२५ उजाडलं, तेव्हा तो अश्रफ हकीमीला मिळाला. मधली सत्तावीस वर्षं जागा रिकामी. हा आकडा मी होस्टेलच्या वादात आतापर्यंत वापरला नव्हता, आता वापरणार आहे.

वर्ल्ड कपच्या वेळी हाजी स्पेनच्या देपोर्तिव्हो ला कोरुन्या क्लबमध्ये होता. त्याआधी लिस्बनचा स्पोर्टिंग. १९९९ च्या उन्हाळ्यात त्याने देपोर्तिव्हो सोडलं. पुढच्याच मोसमात, २००० साली, देपोर्तिव्हो त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा आणि आजपर्यंत एकदाच स्पेनचे चॅम्पियन झाले. हसू नका.

तो गेला कुठे? इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला. सोबत शिप्पोही, तोच तो डोक्याला बॉल लागलेला. कॉव्हेंट्री हे नाव आपल्या मेकॅनिकलवाल्यांना माहीत असायला हवं, जग्वार लँड रोव्हरचं मुख्यालय तिथे आहे, आणि २००८ पासून ती कंपनी टाटा मोटर्सची आहे. म्हणजे पुण्याच्या आणि कॉव्हेंट्रीच्या इंजिनिअर्सचं आता रोजचं येणंजाणं. पण १९९९ ला कॉव्हेंट्रीत वेगळंच चाललं होतं. दोन मोरोक्कन आले म्हणून तिथले प्रेक्षक डोक्यावर लाल गोंड्याची तुर्की टोपी घालून स्टेडियममध्ये यायला लागले! आकाशी निळे शर्ट आणि लाल टोप्या. गॉर्डन स्ट्रॅकन मॅनेजर, संघात तरुण रॉबी कीन आणि अनुभवी गॅरी मॅकअलिस्टर. त्या मोसमात कॉव्हेंट्रीने लीगमध्ये बाहेरच्या मैदानावर एकही सामना जिंकला नाही, पण घरच्या मैदानावर असं खेळले की लोक अजून त्या संघाच्या आठवणी काढतात. बघा, तिथेही कप नव्हता. टोप्या मात्र होत्या.

पुढच्या वर्षी कीनही गेला आणि मॅकअलिस्टरही. संघ घसरत गेला. ५ मे २००१ ला कॉव्हेंट्री ॲस्टन व्हिलाच्या मैदानावर खेळायला गेलं. हरलं तर चौतीस वर्षांनी पहिल्यांदा वरच्या डिव्हिजनमधून खाली. हाफ टाइमला स्कोअर कॉव्हेंट्री २, व्हिला ०. दोन्ही गोल हाजीचे. मग व्हिलाने तीन मारले. ३-२. कॉव्हेंट्री खाली गेलं. आणि त्याच उन्हाळ्यात हाजीला विकत घेतलं कोणी? ॲस्टन व्हिलाने. असं सिनेमात दाखवलं तर आपण लेखकाला शिव्या देऊ.

व्हिलात त्याचं फारसं जमलं नाही, बरेच दिवस बाहेर बसून काढले. २००२ मध्ये मोरोक्कोकडून खेळणं थांबलं. २००४ मध्ये मोरोक्को आफ्रिकेच्या कपाच्या फायनलला पोचलं, त्या पिढीत हाजीचा धाकटा भाऊ यूसुफ होता, थोरला नव्हता. (फायनल हरले, ट्युनिशियाकडून, २-१. हा प्रकार घराण्यातच असावा.) मग बार्सिलोनाचा एस्पान्योल, मग अमिरातीत एक मोसम, मग जर्मनीतलं सारब्रुकन, आणि शेवटी लक्झेंबर्गमधला फोला एश नावाचा छोटा क्लब, २०१० पर्यंत. नकाशा काढून बघितला तर कळतं की सारब्रुकन आणि एश दोन्ही लॉरेनच्या सीमेला खेटून आहेत. जगभर फिरून माणूस घराशेजारी येऊन खेळत राहिला. आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू राहिलेला माणूस अडतिसाव्या वर्षी लक्झेंबर्गच्या लीगमध्ये. आमच्या मजल्यावरची एकजण म्हणाली की हे वाईट वाटण्यासारखं आहे, मोठ्या माणसाने योग्य वेळी थांबावं. मला उलट वाटतं. ज्याला फक्त कप हवे असतात तो थांबतो. ज्याला खेळायचं असतं तो कुठल्या मैदानावर हे बघत नाही.

हाजीच्या विरोधात बोलण्यासारखं काहीच नाही असं नाही. तो सातत्याचा खेळाडू नव्हता. एका सामन्यात जादू, पुढच्या दोन सामन्यांत कुठे आहे तेच दिसत नाही, हे इंग्लंडमध्ये वरचेवर झालं. मोठ्या क्लबांनी त्याला घेतलं नाही त्यामागे काहीतरी कारण असणार, सगळे काही आंधळे नव्हते. आणि नशीब नशीब म्हणून किती दिवस सांगायचं, असं कोणी म्हटलं तर माझ्याकडे तयार उत्तर नाही. पण मी हाजीची दया करा असं म्हणतच नाहीये. मी एवढंच म्हणतेय की मोजायचं यंत्र तपासा. लॅबमध्ये रीडिंग विचित्र आलं की आपण आधी इन्स्ट्रुमेंट तपासतो ना? मग चॅम्पियनला हरवणारा, वर्षातला सर्वोत्तम ठरलेला माणूस ज्या मापात शून्य दाखवतो, त्या मापालाच झिरो एरर आहे असं म्हणायला काय हरकत आहे?

२०१४ नंतर हाजी मोरोक्कोच्या राष्ट्रीय संघाचा सहप्रशिक्षक झाला. २०१८ ला वीस वर्षांनी मोरोक्को पुन्हा वर्ल्ड कपमध्ये आलं, रशियात, आणि बाकावर प्रशिक्षक हर्वे रेनार यांच्यासोबत हाजी होता. संघातल्या तेवीस खेळाडूंपैकी सतरा मोरोक्कोबाहेर जन्मलेले. फ्रान्स, हॉलंड, स्पेन अशा देशांतली ही पोरं, ज्यांनी आईवडिलांच्या देशाचा शर्ट निवडला. हाजीने नव्वदच्या दशकात केलं तेच, आता अख्ख्या संघाने. इराणविरुद्ध पंच्याण्णवाव्या मिनिटाला स्वतःच्याच जाळ्यात गोल. पुन्हा. पोर्तुगालकडून ०-१. आणि स्पेनविरुद्ध नव्वद मिनिटांपर्यंत २-१ ने पुढे असताना भरपाई वेळेत स्पेनचा गोल, झेंडा वर गेला ऑफसाइडचा, मग पंचाने कानातल्या यंत्राला हात लावला, व्हीएआरने चित्रण बघितलं आणि गोल दिला. २-२. या वेळी कॅमेऱ्याने उत्तर द्यायला काही दिवस नाही, काही मिनिटंच घेतली. उत्तर तेवढंच बरोबर होतं आणि तेवढंच मोरोक्कोच्या विरुद्ध. बाकावर बसलेल्या हाजीला त्या क्षणी मार्सेल आठवलं असेल का, हे मला कोणीतरी त्याला विचारावंसं वाटतं.

२०२२ ला कतारमध्ये काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. बेल्जियम, स्पेन, पोर्तुगाल यांना गारद करून मोरोक्को सेमी फायनलला, असं करणारा आफ्रिकेचा पहिला देश. स्पर्धेच्या तोंडावर प्रशिक्षक बदलले होते, वालिद रेग्रागी आले होते, आणि सगळा चमू नवा होता. हाजी त्या बाकावर नव्हता. हे वाचून तुम्हाला आता आश्चर्य वाटत नसेल. २०३० च्या वर्ल्ड कपचं यजमानपद मोरोक्कोला मिळालं आहे, स्पेन आणि पोर्तुगालसोबत. १९९२ ला मतदानात हरलेल्या देशाला अडतीस वर्षांनी.

ज्यांना अजूनही "पण कप किती?" असं विचारायचंय त्यांनी आधी ते दोन गोल बघावेत, इजिप्तविरुद्धचा आणि नॉर्वेविरुद्धचा. माझ्या लॅपटॉपवर दोन्ही आहेत. लेडीज होस्टेल, दुसरा मजला. मुलांना लिंक पाठवीन. रात्री अकराच्या आत बघून घ्या, नंतर वायफाय बंद होतं.